कबड्डीच्या मैदानात जादूला कुठे उभे करावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात तो प्रमाणाचा प्रश्न वाटला आणि दुसऱ्या वाचनात तसा वाटला नाही. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातली सहावीतली वेणू, तिच्या शाळेचा कबड्डी संघ आणि आजीच्या पेटीत सापडलेले तांब्याचे कडे अशी तुमच्या मालिकेची मांडणी आहे. कडे हातात असले की कोणाचीही पकड वेणूच्या अंगावर टिकत नाही. पहिला भाग तुम्ही ९ ते १२ वर्षांच्या आठ मुलांना वाचायला दिला. त्यांपैकी सहा जणांनी सामन्यांची पाने ओलांडून पुढचे साहस वाचले आणि एकाने तर ‘ती जिंकणारच आहे, मग कशाला वाचायचं?’ असे तोंडावर सांगितले. आता सामने कमी करून जादू वाढवावी की जादू कमी करून सामने वाढवावेत, प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला करणी करायला लावणे योग्य ठरेल का, आणि प्रकाशकाने मागितलेला पाच भागांचा आराखडा कसा बांधावा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

त्या मुलाने तुमच्या हस्तलिखिताचे परीक्षण एका वाक्यात करून टाकले आहे, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. खेळाच्या गोष्टीत वाचक पान उलटतो तो निकालाविषयी शंका असते म्हणून, आणि जादूचा स्वभाव असा की ती शंका मिटवते. या दोन गोष्टी एका पुस्तकात आणल्या की त्या एकमेकींचे पाय ओढू लागतात, आणि सामने कमी केल्याने किंवा वाढवल्याने ते भांडण मिटत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: जादू मैदानात आल्यामुळे निकालाविषयीची शंका कमी न होता वाढावी, यासाठी काय करावे लागेल?

मी गेली २२ वर्षे मुलांच्या पुस्तकांचे संपादन करते आणि त्याआधी शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळत असे, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात दोन्ही अनुभवांची सरमिसळ आहे. मी स्वतःही तुमचीच चूक एकदा केलेली आहे. सुरुवातीच्या काळात धावण्याची शर्यत आणि मंतरलेले बूट अशी एक दीर्घकथा मी लिहिली होती आणि ती एका शाळेत मोठ्या हौसेने वाचून दाखवली. पाचवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, ‘बाई, बूटच पळतात, तर मग ती रोज पहाटे उठून सराव कशाला करते?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. सरावाची प्रकरणे मला आवडत होती म्हणून ती कथेत होती आणि बूट मला आवडत होते म्हणून तेही होते. त्या दोघांची आपसांत ओळखच नव्हती. ती कथा मी कधीच छापायला दिली नाही.

निकाल आधीच ठरलेला असलेला खेळ सांगायचा कसा, हे आपल्याकडे फार पूर्वी कोणीतरी नीट ओळखले होते. महाभारताच्या सभापर्वातला द्यूताचा प्रसंग पुन्हा काढून वाचावा. फासे कसे पडले, दान किती आले, याचे वर्णन तिथे जवळजवळ नाहीच. युधिष्ठिर पण लावतो, शकुनी फासे टाकतो आणि ‘जितम्’, म्हणजे ‘जिंकले’, एवढेच म्हणतो. पुन्हा पण, पुन्हा ‘जितम्’. या खेळात फाशांविषयी सांगण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून सांगितले आहे ते पणाला काय काय लागले ते: रत्ने आणि सोने, रथ, दास, मग एकेक भाऊ, मग तो स्वतः आणि शेवटी द्रौपदी. श्रोता घाबरतो तो पुढचा पण काय असेल या धास्तीने. तुमच्या हस्तलिखितात कडे शकुनीचे काम चोख करते आहे, परंतु वेणूने पणाला काहीच लावलेले नाही, आणि तुम्ही मात्र प्रत्येक फाशाचे वर्णन चार-चार पाने केलेले आहे.

दुसरे उदाहरण तुमच्या आठही वाचकांना बहुधा ठाऊक असेल. हॅरी पॉटरच्या मालिकेतल्या क्विडिचमध्ये, म्हणजे उडत्या झाडूंवर बसून खेळायच्या जादूगारांच्या खेळात, एका गोलाला १० गुण आहेत आणि सोनेरी स्निच हा उडता चेंडू पकडणाऱ्याला १५०, शिवाय स्निच हाती आला की सामनाच संपतो. परिणामी उरलेल्या सहा खेळाडूंची मेहनत बहुतेक वेळा नगण्य ठरते. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मिडलबरी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये हा खेळ खऱ्या मैदानावर उतरवला. पुढे त्याची जी नियमावली तयार झाली तिच्यात स्निचची किंमत ३० गुणांवर आणावी लागली, कारण माणसे प्रत्यक्ष धावू-पडू लागली की हा अन्याय लगेच बोचतो. मात्र त्या मालिकेतही विश्वचषकाचा एक अंतिम सामना असा आहे की ज्यात बल्गेरियाचा खेळाडू स्निच पकडतो आणि तरीही आयर्लंड १७०-१६० असा जिंकतो. आपला संघ आता बरोबरी साधू शकणार नाही हे ओळखून त्या खेळाडूने पराभव पत्करून सामना स्वतःच्या हाताने संपवलेला असतो. त्या मालिकेतले बाकीचे सामने मला धूसर आठवतात. हा मात्र लख्ख आठवतो, कारण इथे जादूचा चेंडू हाती येऊनही प्रश्न सुटत नाही, उलट त्या खेळाडूला एक अवघड निर्णय घ्यावा लागतो.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य केले पाहिजे. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी लिहायचे असेल तर तुमचे कडे आहे तसे चालेल, कारण त्या वयात कधीच हरू नये ही इच्छा पुरी होण्यातच आनंद असतो. नऊ ते बारा या वयात मात्र मूल संघातून वगळले गेलेले असते, पंचाने आपल्यावर अन्याय केला असे त्याला एकदा तरी वाटलेले असते, आणि रडीचा डाव ते दुरून ओळखते. दुसरी गोष्ट म्हणजे वाचकाला खेळ किती माहीत आहे. चढाई करणाऱ्याने ओलांडलीच पाहिजे अशी जी ‘निदान रेषा’ असते ती म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरकडच्या मुलाला सांगायला लागलात तर ते कंटाळेल. ज्या मुलाने २०१४ पासून टीव्हीवर दिसणारी व्यावसायिक लीगच फक्त पाहिली आहे त्याला गुण कसे मिळतात हे माहीत असते, पण मातीवर खरचटलेला गुडघा माहीत नसतो. या दोघांपैकी तुमचा वाचक कोण, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कबड्डीत जादू बाहेरून आणावी लागतच नाही, ती नियमांतच पडून आहे, आणि तुम्ही खेळ निवडताना नकळत फार चांगली निवड केली आहे. दमाचाच विचार करा. शत्रूच्या प्रदेशात एकटीने शिरायचे, एकाच श्वासात एकच शब्द मोठ्याने, अखंड उच्चारत राहायचे, आणि तो शब्द तुटला की सगळे संपले. मंत्राची याहून नेमकी व्याख्या मला तरी सुचत नाही. त्यातच आपल्या मैदानावरची भाषा अशी की बाद झालेला गडी ‘मेला’ म्हणायचा आणि परत आलेला ‘जिवंत झाला’ म्हणायचा. कबड्डीचे जे तीन जुने प्रकार सांगितले जातात त्यांची नावे संजीवनी, गामिनी आणि अमर अशी आहेत. संजीवनीत समोरचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी उठतो; गामिनीत मेलेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो; अमरमध्ये स्पर्श झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजले जातात. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला हा खजिना फुकट मिळालेला असताना त्याने तांब्याच्या कड्यातून निसरडेपणा काढावा याचे मला, क्षमा करा, थोडे वाईट वाटले.

संजीवनी हे नाव घेतले की दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे मेलेल्याला उठवण्याची विद्या शिकायला गेलेला कच आठवतो. शुक्राचार्यांच्या पोटात असलेल्या कचाला बाहेर यायचे तर गुरूचे पोट फाडूनच यावे लागणार होते, म्हणून गुरूने आधी त्याला विद्या शिकवली आणि बाहेर आल्यावर कचाने गुरूला उठवले. एकाला जिवंत करायचे तर दुसरा मरतो, ही त्या कथेची गाठ आहे. तुमच्या कड्याला हीच गाठ बांधावी असे मी सुचवेन, आणि ती कबड्डीच्या एका साध्या नियमातून बांधता येते. तो नियम असा की बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. कर्णधाराला कोणीही हवा असला तरी आधी तोच येणार जो आधी मेला. शिवाय चढाईत बोनस रेषा ओलांडून बोनस गुण मिळाला तर फलकावर एक गुण वाढतो, पण कोणीही जिवंत होत नाही.

हे डोक्यात ठेवून एक प्रसंग रचून पाहू. शेवटची चार मिनिटे उरली आहेत आणि वेणूचा संघ दोन गुणांनी मागे आहे. तिघी बाहेर बसल्या आहेत: सर्वांत आधी बाद झालेली धनश्री, जी घाबरून पकड सोडते, तिच्यानंतर सुली, वेणूची जिवलग मैत्रीण, आणि शेवटी अस्मिता, संघाची सर्वांत चांगली चढाईपटू. समोर सहा जणी उभ्या आहेत, म्हणजे बोनस रेषा खुली आहे. वेणूने बोनस घेतला तर गुण मिळेल पण संघ चौघींचाच राहील. तिने एकीला टिपले तर गुणही मिळेल आणि धनश्री आत येईल, जी पुढच्याच चढाईत पुन्हा मरण्याची शक्यता आहे. वेणूच पकडली गेली तर मैदानात तिघीच उरतील; अर्थात चाणाक्ष वाचकाला हेही ठाऊक असेल की तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो. पाहा, अजून कड्याचा उल्लेखही केलेला नाही आणि तरी पान उलटावेसे वाटते.

आता कडे आणा. कडे तिला निसरडी करत नाही. ते फक्त क्रम बदलते. ज्या गड्याला आधी उठवायचे तिचे नाव वेणूने चढाई चालू असताना, दमाच्या आत, एकदा घ्यायचे. इथे खेळाचा नियम जादूच्या आड उभा राहतो, कारण चढाईत ‘कबड्डी’शिवाय दुसरा शब्द पंचाने ऐकला तर दम गेला. म्हणजे नाव दोन ‘कबड्डीं’च्या फटीत लपवावे लागेल, त्यासाठी श्वास पुरला पाहिजे आणि जीभ सैल पडता कामा नये, आणि ते केवळ सरावानेच येते. माझ्या त्या पाचवीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला इतक्या वर्षांनी इथे मिळाले: सराव यासाठी करायचा की त्याच्याशिवाय जादू उच्चारताच येत नाही.

मग किंमत. क्रम बदलला तर गुणलेखक, पंच आणि प्रेक्षक हरकत घेणार नाहीत का? घेणार नाहीत, कारण कडे क्रम बदलते ते सर्वांच्या आठवणीत. सगळ्यांना अस्मिताच आधी बाद झाली होती असे आठवते. जादू आठवणीवर चालते, म्हणून तिची किंमतही आठवणीतच वसूल व्हावी: ज्या मुलींचा क्रम चुकवला, त्यांच्या मनातून वेणूबरोबर घालवलेला एक दिवस पुसला जातो. वेणूने अस्मिताला बोलावले तर धनश्री आणि सुली या दोघींचे दिवस जातील. सुलीचा कोणता दिवस गेला हे वेणूला सामन्यानंतर कळते, आणि तो दिवस परत मिळवण्यासाठी ती जे काही करते ते तुमचे साहस होते. सध्याच्या हस्तलिखितात सामने एका रुळावर आणि नदीपलीकडच्या गुहेतले साहस दुसऱ्या रुळावर धावते आहे, म्हणूनच मुलांना एक ओलांडून दुसरे वाचता आले. सामन्यातल्या निर्णयातून साहस जन्मले तर सामन्याची पाने गाळणाऱ्याला पुढचे काही समजणार नाही आणि तो निमूटपणे मागे येईल.

हा तपशील तुम्ही असाच घ्यावा असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो इतकाच की शक्तीला मर्यादा असावी आणि ती मर्यादा खेळाच्या नियमांच्या भाषेत सांगता यावी. खेळ चालवणारी माणसेही हेच करतात. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की त्याला मागे वळता येत नाही आणि बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, यातच त्या खेळाची सारी गंमत आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये ‘वजीर’ नावाचा एक गडी आणला गेला, ज्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मोकळीक आहे. ही जवळजवळ जादूच आहे, पण ती संघातल्या सगळ्यांना दिलेली नाही. सगळेच वजीर झाले असते तर खो-खोची साधी पकडापकडी झाली असती.

वेणू जे करते ते फसवणे आहे की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो तुमचे वाचक विचारतील. मुले या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात. मोठा वाचक नायिकेवर प्रेम जडले की तिचा खोटेपणा माफ करतो. दहा वर्षांचे मूल तिच्यावर प्रेम करत राहते आणि तरीही ‘हे चीटिंग आहे’ असे स्पष्ट म्हणते. याला उत्तर म्हणून प्रतिस्पर्धी संघालाही जादू देण्याचा मोह होतो. तसे करू नका. दोन्ही बाजूंना जादू दिली की ती एकमेकींना खोडते आणि आपण मूळ जागी येतो, फक्त पाने वाढतात. त्याऐवजी पुस्तकातल्याच एखाद्या पात्राच्या तोंडून तो आरोप होऊ द्या. धनश्री यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण जिला नेहमी बाहेर ठेवले जाते तिला क्रमाची किंमत सर्वांत जास्त कळते.

सामना कागदावर कसा उतरवावा याविषयी थोडेसे. मुलींच्या सामन्यात १५-१५ मिनिटांची दोन सत्रे असतात आणि एक चढाई फार तर ३० सेकंद चालते, म्हणजे पूर्ण सामन्यात किमान साठेक चढाया होतात. तुम्ही पहिल्या सामन्यात एकोणीस सांगितल्या आहेत, मी मोजल्या. चार पुरेत. बाकीच्या चढाया ‘मध्यंतराला फलक १४-१७ दाखवत होता’ अशा एका वाक्यात जाऊ द्या. जिथे एखाद्या पात्राला दोन वाटांतून एक निवडावी लागते ती चढाई सविस्तर लिहा, आणि जिथे नुसती चपळाई आहे ती सोडून द्या, कारण हनुमान उडी पाहायला जितकी थरारक असते तितकी वाचायला नसते. नियम सांगण्यासाठी स्वतंत्र परिच्छेद लिहू नका. बाहेर बसलेल्या मुलींना नियमांवर वाद घालू द्या. मेलेल्या गड्यांच्या बाकावर सगळ्यात जास्त बडबड चालते हे कोणत्याही संघात बसलेल्या माणसाला माहीत आहे. त्या बाकावर बसून सामना सांगण्याचा एक प्रयोग करून पाहाच, कारण तिथल्या मुलीला पुढे काय होणार हे कळत नाही आणि तिला काही करताही येत नाही. तिची आणि वाचकाची अवस्था सारखीच असते.

करणीच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे, पण त्याचे कारण नीट सांगायला हवे. तुमच्या हस्तलिखितात प्रतिस्पर्धी प्रशिक्षक लिंबू, टाचण्या आणि कापडाची बाहुली वापरून वेणूच्या संघातल्या मुलीचा पाय मोडतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो प्रत्यक्षातल्या अघोरी प्रथांसाठी आहे, गोष्टीत अद्भुत लिहायला तो मनाई करत नाही, त्यामुळे माझा आक्षेप कायद्याचा नाही. माझा आक्षेप असा की तुमच्या वाचकांपैकी काहींच्या गावात, क्वचित घरातही, करणीच्या संशयावरून कोणाला तरी वाळीत टाकल्याचे त्यांनी ऐकलेले असते. उडता घोडा खोटा आहे हे मुलाला माहीत असते आणि म्हणून तो त्याला आवडतो. लिंबू-टाचणी खोटी आहे याची त्याला तितकी खात्री नसते. पुस्तकात ती खरी ठरली की आपण त्याच्या मनातल्या भीतीला छापील पुरावा देतो. एकदा असे एक प्रकरण मी तसेच ठेवले होते, आणि एका शिक्षिकेने कळवले की वर्गातल्या एका मुलीच्या आजीकडे मुले त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागली. पुढच्या आवृत्तीत मी ते काढले. तुमच्या कड्यालाही हा डाग लागू नये म्हणून ते आजीच्या पेटीतून येण्याऐवजी मैदानातून, म्हणजे माती उकरताना किंवा आखणी करताना, हाती यावे असे मला वाटते.

मैदानाबाहेरच्या चमत्काराचे एक जुने उदाहरण आपल्याकडे आहे. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की पेशव्यांच्या दरबारात आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारून ते वणीच्या सप्तशृंगीला गेले, तिथे त्यांना मारुतीच्या कृपेने लाकडी खांबावरची विद्या उमगली आणि मग ते पुण्यात येऊन लढले. सांगणाऱ्याचे शहाणपण पाहण्यासारखे आहे. दैवी कृपा होते ती गडावर, आणि मिळतो तो सरावाचा मार्ग. कुस्तीच्या वेळी मारुती आखाड्यात उतरत नाही. करणीचा धागा काढून टाकल्यावर प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाचे काय करायचे, असे तुम्ही विचाराल. त्याला केवळ चांगला प्रशिक्षक ठेवा. त्याने वेणूच्या प्रत्येक चढाईचा अभ्यास केलेला असावा आणि तिच्या दमात कुठेतरी एक विचित्र फट पडते हे पंचाच्या आधी त्याच्या कानाने टिपावे. नऊ वर्षांच्या वाचकाला लिंबापेक्षा हा माणूस जास्त घाबरवील.

आतापर्यंतचे दोन वाक्यांत सांगायचे तर सामन्यांची संख्या हा तुमचा प्रश्न नाही, आणि कड्याची शक्ती वाढवणे किंवा घटवणे हाही नाही. शक्तीला खेळाच्याच नियमाने वेसण घालणे आणि तिची किंमत साहसातून फेडून घेणे, एवढे साधले की उरलेले बरेचसे आपोआप जागेवर बसेल.

राहिला पाच भागांचा आराखडा. माझ्या मते ही मालिका तीन भागांची आहे, आणि ते तीन भाग मघाच्या तीन नावांतच आहेत. पहिल्या भागात, संजीवनीत, वेणू क्रम बदलायला शिकते आणि सुलीचा दिवस गमावते. दुसऱ्या भागात एखाद्या जुन्या गावात गामिनीच्या नियमांनी खेळली जाणारी स्पर्धा असावी, जिथे मेलेला गडी एकेकटा उठतच नाही, म्हणून कडे निरुपयोगी ठरते आणि वेणूला पहिल्यांदा विनाजादूचे खेळावे लागते. मालिकेच्या मधल्या भागाला जो थकवा येतो तो शक्ती काढून घेतल्याने बराचसा टळतो. तिसरा भाग अमरचा. कोणीच बाद होत नाही हे ऐकायला वरदान वाटते, पण कोणीच बाद होत नाही याचा अर्थ कोणालाच बाहेर बसून श्वास घेता येत नाही असाही होतो. सामना संपेपर्यंत चौदाच्या चौदा मुली मैदानात, आणि तो सामना लवकर संपत नाही. या भागात भीतीची फार मोठी जागा आहे आणि ती भरायला तुम्हाला कोणत्याही राक्षसाची गरज पडणार नाही. प्रकाशकाने पाचाचाच आग्रह धरला तर प्रत्येक भागाची लांबी कमी करण्याची तयारी दाखवा, परंतु चौथा आणि पाचवा नियम शोधत बसू नका; तीन नियमांची मालिका पाच नियमांपर्यंत ताणली की शेवटचे दोन नियम उसने वाटतात.

सुरुवात कुठून करावी, तर कडे पेटीत परत ठेवा आणि पहिल्या भागातला शेवटचा सामना त्याच्याशिवाय एकदा लिहून काढा. चार चढाया, तिघी बाहेर, दोन गुणांची पिछाडी. एवढ्यावर मुले थांबून वाचतात का ते पाहा, आणि वाचत असतील तरच कडे आत आणा. ही पाने त्याच आठ मुलांना मात्र देऊ नका, कारण त्यांना वेणू जिंकणार हे आधीच पक्के ठाऊक झाले आहे. नवी आठ मुले शोधा आणि त्यांत कबड्डी कधीच न खेळलेली निदान तीन असू द्या.